सोर्स खुला, पण मालक कोण? ओपन सोर्समधल्या कॉपीराइटचं गणित समजून घ्या

कोड सगळ्यांना दिसतो, कुणीही वापरू शकतो, फुकट मिळतो. म्हणून तो बेवारस असतो का? मुळीच नाही. उलट मालकी कुणाची, यावरच त्या सॉफ्टवेअरचं पुढं काय होणार हे ठरतं.

पाचगणीहून महाबळेश्वरकडे निघालं की थोड्याच अंतरावर भिलार लागतं. स्ट्रॉबेरीसाठी आधीपासून ओळखलं जाणारं हे गाव ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचं गाव' झालं. घरांच्या ओसऱ्या, लॉज, मंदिर अशा ठिकाणी मराठी पुस्तकं मांडलेली असतात. कुणीही जावं, खुर्ची ओढावी आणि वाचत बसावं. कुणी पैसे मागत नाही.

आता समजा, एखाद्या पर्यटकानं तिथलं एक पुस्तक उचललं, पाचगणीच्या बाजारात येऊन त्याच्या ५० झेरॉक्स प्रती काढल्या आणि विकायला ठेवल्या. चालेल का? नाही चालणार. घर गावकऱ्याचं, पुस्तकाची प्रत सरकारी प्रकल्पाची, पण आतल्या मजकुराचा कॉपीराइट लेखकाचा किंवा प्रकाशकाचा. एका पुस्तकाभोवती तीन वेगवेगळे मालक आहेत आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

सॉफ्टवेअरचंही नेमकं असंच आहे. ओपन सोर्स सॉफ्टवेअर भिलारच्या कपाटाच्या कितीतरी पुढे जातं. तिथं नुसतं वाचायलाच नाही, तर कॉपी करायला, बदलायला, वाटायला आणि विकायलाही परवानगी असते. मात्र परवानगी द्यायला आधी कुणीतरी मालक लागतो. जीपीएल, एमआयटी, अपाचे हे परवाने म्हणजे मालकानं जगाला आधीच लिहून दिलेली परवानगी. मालकी सोडल्याचा तो कागद नव्हे.

मालक कोण हे माहीत असून करायचंय काय?

याचं उत्तर आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये कधीतरी होतं. 'आरोग्य सेतू' आठवतंय? २ एप्रिल २०२० रोजी आलेलं हे ॲप कोरोनाच्या काळात कोट्यवधी लोकांनी डाउनलोड केलं. लोकेशन आणि ब्लूटूथची माहिती घेणारं ॲप आतून काय करतं, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. २६ मे २०२० रोजी सरकारनं अँड्रॉइड ॲपचा सोर्स कोड खुला केला. परवाना होता अपाचे २.०. इथपर्यंत ठीक.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रकरण केंद्रीय माहिती आयोगापुढे गेलं. हे ॲप नेमकं कुणी तयार केलं, कसं केलं, त्याची कागदपत्रं कुठं आहेत, असं माहिती अधिकारात विचारलेलं होतं आणि 'माहिती नाही' अशा धर्तीची उत्तरं मिळाली होती. आयोगानं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राला, म्हणजे एनआयसीला, कारणे दाखवा नोटीस बजावली. मग सरकारनं खुलासा केला, की एनआयसीनं उद्योग आणि शिक्षण क्षेत्रातल्या स्वयंसेवकांच्या मदतीनं सुमारे २१ दिवसांत हे ॲप उभं केलं.

कोड खुला होता, परवाना स्पष्ट होता, तरीही 'कुणी बनवलं' हा साधा प्रश्न देशाच्या माहिती आयोगापर्यंत पोहोचला. यात थोडी गंमत आहे आणि बराचसा धडाही. सरकारी नोकरानं कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक सरकार, हे कायद्यात लिहिलेलं आहे. पण बाहेरच्या कंपनीतल्या किंवा कॉलेजातल्या स्वयंसेवकानं लिहिलेल्या ओळींचं काय? तिथं लेखी करार लागतो.

कायदा काय म्हणतो?

भारतात यासाठी १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. या कायद्यात संगणक प्रोग्रॅम 'साहित्यकृती'मध्ये मोडतो. म्हणजे कायद्याच्या नजरेत कादंबरी आणि पायथनचा कोड एकाच कपाटात. कोड लिहिला की कॉपीराइट आपोआप तयार होतो. नोंदणी करता येते, पण ती सक्तीची नाही. मुदत लेखकाचं आयुष्य आणि त्यानंतर ६० वर्षं. २५ वर्षांच्या तरुणीनं आज लिहिलेला कोड तिच्या नातवंडांच्या काळातही कॉपीराइटखाली असेल. त्या वेळी तो चालवणारं यंत्र शिल्लक असेल का, हा वेगळा प्रश्न.

पहिला मालक कोण, हे कलम १७ सांगतं. सर्वसाधारण नियम असा, की ज्यानं लिहिलं तो मालक. नोकरीत, नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालक कंपनी.

इथं एक गोष्ट बहुतेकांना चुकीची माहीत असते. पाचगणीतल्या एका हॉटेलमालकानं वाईच्या एका फ्रीलान्स मुलाकडून बुकिंगचं सॉफ्टवेअर करून घेतलं, असं समजू. ठरलेले ६० हजार रुपये दिले, पावती घेतली. सॉफ्टवेअर कुणाचं? हॉटेलमालक छातीठोकपणे म्हणेल, माझं, मी पैसे मोजलेत. कायदा म्हणतो, लेखी हस्तांतरण नसेल तर कॉपीराइट त्या मुलाचाच. पैसे देऊन करून घेतलेल्या कामात पैसे देणारा मालक ठरतो, ही तरतूद फोटो, चित्र, पोर्ट्रेट, चित्रपट अशा ठराविक गोष्टींपुरती आहे. सॉफ्टवेअर त्या यादीत नाही. हॉटेलमालकाला ते सॉफ्टवेअर ज्या कामासाठी घेतलं त्यासाठी वापरता येईल, बॅकअप ठेवता येईल. पण उद्या महाबळेश्वरच्या १० हॉटेलांना ते विकायचं ठरवलं, किंवा 'चला, आपण हे ओपन सोर्स करू' असं मनात आलं, तर त्या मुलाची सही लागणार.

म्हणूनच ओपन सोर्सच्या जगात पहिला प्रश्न 'परवाना कोणता' हा नसतो. 'हा परवाना देण्याचा हक्क तुम्हाला आहे का' हा असतो.

पुण्यातलं 'लोहित'

मराठीत टाइप करणाऱ्या, विशेषतः लिनक्स वापरणाऱ्या अनेकांनी 'लोहित देवनागरी' हा फॉन्ट पाहिलेला असतो, नाव माहीत नसलं तरी. लोहित म्हणजे लाल. रेड हॅट कंपनीनं आणलेल्या फॉन्टचं नाव लाल रंगावरून असावं, हे ओघानंच आलं. हे फॉन्ट मूळ पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं पुरवले. होय, 'श्री-लिपी'वाली मॉड्युलर. रेड हॅटनं ते जीपीएल परवान्याखाली खुले केले आणि पुढं वर्षानुवर्षं त्यांची देखभाल कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी केली.

जीपीएल सॉफ्टवेअरसाठी उत्तम, पण फॉन्टसाठी अडचणीचा. पीडीएफ फाइल बनवताना फॉन्टचा काही भाग त्या फाइलमध्ये जाऊन बसतो. जीपीएल म्हणतो, माझा कोड ज्यात मिसळलात तेही माझ्याच अटींवर द्या. मग लोहित वापरून छापलेली लग्नपत्रिका किंवा कादंबरीही जीपीएलखाली येते का? हा प्रश्न विनोदी वाटतो, पण वकिलांना तो विनोदी वाटला नाही. फॉन्टसाठी खास बनवलेल्या 'ओपन फॉन्ट लायसन्स'मध्ये हा गोंधळ नाही. फॉन्ट वापरून केलेल्या कागदपत्रांना परवान्याच्या अटी लागू होत नाहीत, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे.

सप्टेंबर २०११ मध्ये लोहितचा परवाना बदलून ओपन फॉन्ट लायसन्स झाला. असा बदल करायचा तर कॉपीराइट असलेल्यांची संमती लागते. प्रकल्प एका कंपनीच्या छत्राखाली असल्यामुळे हे शक्य झालं. हाच फॉन्ट २०० स्वयंसेवकांनी अक्षर-अक्षर मिळून काढला असता, कुणाकडूनच काही लिहून घेतलं नसतं, तर त्या प्रत्येकाला शोधत बसावं लागलं असतं. एखादा अमेरिकेत, एखाद्याचा ई-मेल बंद, एखादा हयात नाही आणि त्याच्या वारसांना फॉन्ट म्हणजे काय हेच ठाऊक नाही.

पुढचा भाग आणखी रंजक आहे. परवाना बदलल्यानंतरच्या लोहित देवनागरीच्या फाइलमध्ये कॉपीराइट 'लोहित फॉन्ट्स प्रोजेक्टचे योगदाते' असा लिहिलेला सापडतो आणि 'लोहित' हे नाव मात्र राखीव ठेवलेलं आहे. म्हणजे अक्षरं कुणीही घ्यावीत, वळणं बदलावीत. बदललेला फॉन्ट 'लोहित' या नावानं मात्र वाटता येणार नाही. शेजारच्या स्ट्रॉबेरीचंही असंच काहीसं आहे. रोप कुणीही, कुठंही लावू शकतो, पण 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी' या नावाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि ते नाव वाटेल त्याला वापरता येत नाही. नाव, कॉपीराइट आणि वापराची परवानगी हे तीन वेगवेगळे धागे आहेत. बातम्यांमध्ये ते कायम एकत्र गुंतलेले दिसतात.

मुंबईच्या 'एक टाइप'चे मुक्ता आणि बालू हे फॉन्टही याच परवान्याखाली आहेत. तिथं कॉपीराइटच्या ओळीत 'एक टाइप'चं नाव आहे. परवाना एकच, मालकीची पद्धत निराळी.

व्हीएलसीचा आयफोनवरचा वनवास

फोनवर सिनेमा पाहणाऱ्यांना नारंगी शंकूचं व्हीएलसी माहीत असतं. ते पॅरिसच्या एका अभियांत्रिकी संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून जन्मलं. २००१ मध्ये संस्थेनं परवानगी दिली तेव्हा ते जीपीएलखाली खुलं झालं. विद्यार्थ्यांनी लिहिलं तरी संस्थेची मान डोलल्याशिवाय गाडी पुढं गेली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं.

सप्टेंबर २०१० मध्ये व्हीएलसी ॲपलच्या ॲप स्टोअरवर आलं. लोक खूश. पण व्हीएलसीच्या विकसकांपैकी एक, रेमी डेनी-कुरमों, यांनी तक्रार केली. ॲप स्टोअरच्या अटी वापरकर्त्यांवर अशी बंधनं घालतात जी जीपीएलला मान्य नाहीत, असं त्यांचं म्हणणं. जानेवारी २०११ मध्ये ॲपलनं ॲप काढून टाकलं. प्रकल्पातल्या इतर अनेकांना ते हवं होतं. तरीही एका माणसाची हरकत पुरेशी ठरली, कारण त्या कोडच्या काही ओळींचा मालक तो होता.

मग जाँ-बाप्तिस्त केम्प्फ यांच्या पुढाकारानं व्हीएलसीच्या मंडळींनी परवाना सौम्य करायचं ठरवलं. जुना इतिहास उकरून, कुठली ओळ कुणी लिहिली हे तपासून, एकेकाला गाठून संमती घेतली. आधी मूळ इंजिनाचा, नंतर बाकी भागांचा परवाना बदलला आणि जुलै २०१३ मध्ये व्हीएलसी आयफोनवर परत आलं. अडीच वर्षं लागली. कोड लिहिण्यापेक्षा माणसं शोधण्याचं काम जड गेलं.

मग आधीच सगळे हक्क एकाकडे का देऊ नयेत?

दिले जातात. त्याचे तीन-चार प्रकार आहेत आणि त्यातला फरक महत्त्वाचा आहे.

पहिला प्रकार पूर्ण हस्तांतरण. तुम्ही कोड दिलात, त्याचा कॉपीराइटही दिलात. रिचर्ड स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं जीएनयूच्या मोठ्या प्रकल्पांसाठी अनेक वर्षं हीच पद्धत ठेवली. कारण सांगितलं जायचं, की कुणी परवाना मोडला तर कोर्टात एकच भक्कम मालक उभा राहावा. पण कागद पाठवा, सही करा, नोकरी असेल तर कंपनीकडूनही लिहून आणा, हा सोपस्कार लोकांना नको झाला. २०२१ मध्ये जीसीसी या जगप्रसिद्ध कंपायलरच्या मंडळानं ही सक्ती सोडली.

दुसरा प्रकार योगदाता करार, ज्याला सगळे 'सीएलए' म्हणतात. यात बहुतेकदा कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो, पण प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेला तुम्ही फार मोठी परवानगी देता: कायमस्वरूपी, जगभर, विनाशुल्क, मागे न घेता येणारी. अनेकदा दुसऱ्या परवान्याखाली देण्याचीही.

हे शब्द वाचताना अलंकारिक वाटतात, पण भारतात त्यांना वजन आहे. आपल्या कायद्याच्या कलम १९ नुसार हस्तांतरण लेखी आणि सहीचं हवं. मुदत लिहिली नसेल तर ते ५ वर्षांचं धरलं जातं. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. आणि घेणाऱ्यानं १ वर्षात हक्क वापरलाच नाही, तर करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास ते हस्तांतरण संपुष्टात येतं. कलम ३०-अ नुसार यातले नियम योग्य त्या फेरफारांसह परवान्यांनाही लागू होतात. लेखक-कवींना प्रकाशकांनी कायमचं बांधून घेऊ नये, म्हणून या तरतुदी आल्या. सॉफ्टवेअर साहित्यकृती असल्यामुळे प्रोग्रॅमरलाही त्या मिळाल्या. इंटरनेटवरून उचललेल्या चार ओळींच्या करारावर जगभरचा प्रकल्प उभा करणाऱ्या भारतीय स्टार्टअपला हे उशिरा कळतं.

तिसरा प्रकार लिनक्सचा. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात जो लिनक्स कर्नल आहे, त्याचा कॉपीराइट कुणा एकाकडे नाही. हजारो माणसं आणि कंपन्यांमध्ये तो विखुरलेला आहे. २००४ पासून तिथं एक साधी पद्धत आहे: प्रत्येक बदलाखाली लिहिणाऱ्यानं आपलं नाव टाकून 'हा कोड देण्याचा हक्क मला आहे' असं प्रमाणित करायचं. हक्क देऊन टाकायचे नाहीत, फक्त हमी द्यायची. २००३ मध्ये एससीओ नावाच्या कंपनीनं लिनक्समध्ये आपला कोड घुसल्याचा दावा करत आयबीएमवर खटला भरला होता, त्या पार्श्वभूमीवर ही शिस्त आली. याची दुसरी बाजू अशी, की २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली तरी लिनक्स दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला. लिनस टोरवाल्ड्स यांना ती नवी आवृत्ती पसंत नव्हतीच, पण असती तरी हजारोंच्या सह्या कुठून आणणार?

विखुरलेली मालकी म्हणजे अडचण, पण तीच तटबंदीही. लिनक्स कुणी विकत घेऊ शकत नाही, कारण विकणारा एक माणूसच अस्तित्वात नाही.

आपल्याकडचं उदाहरण मुंबईच्या फ्रॅपे टेक्नॉलॉजीजचं. त्यांचं ईआरपीनेक्स्ट हे हिशेब-साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली खुलं आहे. त्याच्या अनेक फाइलींच्या डोक्यावर कॉपीराइट कुणाचा, तर 'फ्रॅपे टेक्नॉलॉजीज प्रायव्हेट लिमिटेड आणि योगदाते' असं लिहिलेलं असतं. शेवटचे दोन शब्द लहान दिसतात. पण मालकीच्या सातबाऱ्यावर बाहेरच्या लोकांचीही नावं चढली आहेत, एवढं ते सांगून जातात.

एकाच मालकाचं झालं तर काय होतं?

मायएसक्यूएलचं बघा. हा डेटाबेस जीपीएलखाली फुकट होता आणि ज्यांना जीपीएल नको त्यांना तीच कंपनी पैसे घेऊन वेगळा परवाना देत होती. असा दुहेरी धंदा करायला सगळा कॉपीराइट आपल्या मुठीत असावा लागतो. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं ही कंपनी सुमारे १ अब्ज डॉलरला घेतली. २०१० मध्ये ओरॅकलनं सन गिळली. डेटाबेसच्या बाजारातला सगळ्यात मोठा व्यापारी फुकट डेटाबेसचा मालक झाला! मूळ निर्माते माँटी विडेनियस यांनी त्याआधीच वेगळी चूल मांडून मारियाडीबी सुरू केलं होतं. पण कॉपीराइट त्यांच्याकडे नसल्यामुळे त्यांना जीपीएलच्या अटीतच राहावं लागतं. स्वतः जन्माला घातलेल्या कोडचे ते आता इतरांसारखेच एक परवानाधारक.

अलीकडची गोष्ट टेराफॉर्मची. क्लाउडवर काम करणाऱ्या पुण्या-बेंगळुरूच्या हजारो अभियंत्यांचं हे रोजचं हत्यार. हॅशिकॉर्प कंपनी बाहेरच्यांकडून कोड घेताना सीएलए करून घ्यायची. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीनं पुढच्या आवृत्त्यांचा परवाना बदलला आणि स्पर्धकांना वापरावर बंधनं घातली. बाहेरच्यांनी दिलेला कोडही त्या नव्या परवान्याखाली गेला. कायद्यानं यात काही चूक नव्हतं, करारात लिहिलेलंच होतं. चिडलेल्या लोकांनी जुन्या खुल्या आवृत्तीवरून ओपनटोफू हा वेगळा प्रकल्प काढला.

हे शक्य झालं, कारण एकदा दिलेला खुला परवाना त्या आवृत्तीपुरता टिकतो. मालक पुढच्या आवृत्तीचं दार लावू शकतो, मागची मात्र लोकांच्या हातात राहते. सीएलएवर सही केली म्हणजे फसवणूक झाली असं नव्हे. अपाचे फाउंडेशनसारख्या ना-नफा संस्थाही ती घेतात. फरक पडतो तो समोर कोण आहे यानं. उद्या विकली जाऊ शकणारी कंपनी आणि घटनेनं बांधलेली ना-नफा संस्था यांना एकच कागद देणं म्हणजे एकच गोष्ट देणं नाही.

नाव असणं आणि हक्क असणं

पाचगणीहून पसरणी घाट उतरलं की वाई. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली जिथं मराठी विश्वकोश आकाराला आला, ते गाव. पहिला खंड १९७६ चा. विश्वकोशात नोंदीच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव असतं. पण ते नाव श्रेयाचं आहे. कॉपीराइट कुणाचा, हे नावावरून नव्हे, करारावरून ठरतं. मराठी विकिपीडियावर उलटं चित्र. लेखाखाली कुणाचंच नाव नाही, पण प्रत्येक लिहिणाऱ्याचा आपापल्या मजकुरावरचा कॉपीराइट शाबूत असतो. त्यानं फक्त खुला परवाना दिलेला असतो आणि त्याचं खातं 'इतिहास'च्या टॅबमध्ये सापडतं.

भारतीय कायद्यात श्रेयाचा हक्क वेगळा सांभाळलेला आहे. कलम ५७ म्हणतं, कॉपीराइट पूर्ण देऊन टाकला तरी 'हे मी लिहिलं' असं म्हणण्याचा लेखकाचा हक्क जात नाही. पाचवीच्या सुट्टीत शेतकऱ्यांसाठी हवामानाचं ॲप बनवलेल्या मुलालाही आणि ३० वर्षं कोड लिहिणाऱ्या अभियंत्यालाही तो सारखाच लागू.

आणि कुणाला खरोखरच सगळं सोडून द्यायचं असेल तर? कलम २१ नुसार कॉपीराइट निबंधकांना कळवून किंवा जाहीर सूचना देऊन हक्क सोडता येतात. नुसता कोड गिटहबवर टाकल्यानं ते होत नाही. उलट गिटहबवर परवान्याची फाइलच नसेल, तर तो कोड दिसतो खरा, पण घेऊन वापरायची परवानगी कुणालाच नसते. आपल्याकडच्या कॉलेज प्रोजेक्टांमध्ये ही चूक इतकी सर्रास आहे, की चांगले चांगले प्रकल्प नुसते शोभेचे होऊन बसलेत.

शनिवार-रविवारचा कोड कुणाचा?

साताऱ्या-सांगलीतून इंजिनिअरिंग करून पुण्यात नोकरीला लागलेल्या मुलामुलींसाठी हा सगळ्यात जवळचा प्रश्न. सुट्टीत पाचगणीला घरी आल्यावर स्वतःच्या लॅपटॉपवर एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पासाठी कोड लिहिला, तर तो कुणाचा?

कायद्यानं बघितलं तर तो नोकरीच्या कामाचा भाग नसेल तर लिहिणाऱ्याचा. पण नियुक्तिपत्रासोबत सही केलेल्या जाडजूड करारात अनेकदा एक कलम असतं: नोकरीच्या काळात केलेली, कंपनीच्या व्यवसायाशी संबंधित सगळी निर्मिती कंपनीची. काही करारांत 'संबंधित' हा शब्दही नसतो. हे कलम वाचलेलं नसताना ओपन सोर्स प्रकल्पाला 'हा कोड देण्याचा हक्क मला आहे' अशी हमी देणं, म्हणजे जी जमीन आपल्या नावावर आहे की नाही हे माहीत नाही, ती दान करणं. अडचण फक्त देणाऱ्याची नसते. उद्या कंपनीनं दावा केला तर त्या प्रकल्पाला तेवढा कोड उपसून नव्यानं लिहावा लागतो.

विद्यार्थ्यांची स्थिती वेगळी. विद्यार्थी कॉलेजचा नोकर नसतो, त्यामुळे त्यानं लिहिलेला कोड मुळात त्याचाच. मात्र प्रवेशाच्या वेळी बौद्धिक संपदा धोरणाच्या कागदावर सही केली असेल, किंवा प्रकल्पाला कंपनीचा पैसा असेल, तर ते आधी तपासावं. चौघांनी मिळून केलेल्या प्रकल्पात चौघंही मालक. त्यातल्या एकानं परस्पर परवाना ठरवला आणि पुढं भांडण झालं, तर व्हीएलसीची गोष्ट पाचगणीतही घडू शकते. पहिल्याच दिवशी चौघांनी सह्या केलेला एक कागद आणि कोडसोबत परवान्याची फाइल, एवढ्यानं बरंचसं काम होतं.

नोकरी करणाऱ्यांसाठी रस्ता थोडा लांबचा आहे. आधी स्वतःच्या नियुक्तिपत्रातलं ते कलम शोधायचं. मग प्रकल्प काय मागतोय ते पाहायचं: हस्तांतरण, सीएलए की नुसती हमी. त्यानंतर कंपनीला ई-मेल करून प्रकल्पाचं नाव, परवाना आणि 'स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या यंत्रावर' हे तीन मुद्दे लिहून लेखी परवानगी मागायची. मोठ्या आयटी कंपन्यांमध्ये यासाठी अनेकदा वेगळा फॉर्मच असतो. उत्तर आलं की त्याची प्रत ऑफिसच्या मेलवर न ठेवता स्वतःकडे ठेवायची, कारण नोकरी सोडली की तो मेलबॉक्स त्याच संध्याकाळी बंद होतो.